पद्मावती अर्काचे ससे

मगदुमांच्या घरात चार पिढ्यांत एकाही जीवाची हत्या झाली नव्हती. निपाणीच्या जैन गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि ज्यांना माहीत नव्हती त्यांना पारिसाप्पा मगदूम स्वतः सांगत. घरातल्या उंदरांचं काय करता, असं मात्र कुणी विचारू नये. उंदरांसाठी मागच्या दाराला लागून राहणाऱ्या भरमा सुताराला एक मांजर पाळायला सांगितलं होतं. मांजराला दूध मगदुमांच्या घरून जायचं, उंदीरही मगदुमांच्याच घरातले जायचे, आणि पाप भरमाच्या नावावर पडायचं. भरमाची तक्रार नव्हती. तो म्हणायचा, "आमचं गाठोडं आदीच लई मोठं हाय आप्पा. त्यात तुमचं चार उंदीर कुटं दिसत्यात?"

धंदा पिढीजात होता. निपाणीत तंबाखू होती म्हणून खोकला होता, आणि खोकला होता म्हणून मगदूम होते. वखारीतली धूळ छातीत घेऊन आलेली माणसं सकाळी तांब्या घेऊन दारात बसायची आणि पारिसाप्पा त्यात रानकांद्याचा काढा ओतायचे. खोकल्याला, दम्याला, पायांवरच्या सुजेला तो चालायचा. रानकांदा खानापूरच्या जंगलातून यायचा. ज्या घरात कांदा-लसणाचा वासही शिरला नव्हता, त्या घराची चूल कांद्यावर पेटावी याची गावाला गंमत वाटे. पण पारिसाप्पांच्या आजोबांनी त्यातूनही वाट काढून ठेवली होती. कांदा चिरून उन्हात वाळवला की तो कांदा राहत नाही, औषध होतो. चिरायचं काम भरमाकडे होतं.

पद्मावतीबाई या घरात सदलग्याहून आल्या त्या माहेरून काही घेऊन आल्या असतील तर भीती. त्यांची पहिली तीन लेकरं बोंडल्यानं दूध पिण्याच्या वयातच गेली. ती का गेली हे बाईंनी कधी कुणाला विचारलं नाही, कारण ते त्यांना ठाऊक होतं. मागल्या कुठल्या तरी जन्मी आपल्या हातून जीव गेला असणार. म्हणून या जन्मी त्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत, आणि फडक्यावर जे काही राहील, डोळ्याला दिसो न दिसो, ते परत त्याच विहिरीत अलगद सोडत. सरपण चुलीत घालण्याआधी आपटून आपटून घेत, आतली मुंगी जागी व्हावी म्हणून. चौथा श्रीपाल जगला. तो या गाळण्या-आपटण्यावरच जगला, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि तो पुढंही जगायचा तर त्याच्या हाताला पाप लागता कामा नये, हे त्याला लागूनच येत होतं.

श्रीपाल बेळगावात मॅट्रिक आणि पुण्यात बी.एस्सी. होऊन परत आला तेव्हा लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. विलायती औषधं बाजारातून नाहीशी झाली होती. पेट्रोल नव्हतं, बेळगावची मोटार कोळशाच्या धुरावर चालायची आणि तवंदीच्या घाटात उतारूंनी उतरून ढकलायची. देशी औषधाला आता दिवस येणार हे श्रीपालनं ओळखलं. पण तांब्यातून काढा ओतून दिवस येत नसतात. त्याला बाटली लागते, आणि बाटलीला लेबल लागतं. त्यानं पातेलंभर काढा मंद आचेवर आटवत आटवत पळीभरावर आणला. काळा, मधासारखा दाट अर्क झाला. नाव ठेवलं 'पद्मावती अर्क'. लेबलावर देवी छापली होती. तिच्या नाकातली नथ मात्र आईची होती.

"पातेलं पळीत मावतंय व्हय रं?" पारिसाप्पांनी विचारलं.

"पाणी गेलं आप्पा. औषध तेवढंच राहिलं."

"पाणी आमच्या बापानं उगंच घातलं न्हवतं."

एवढ्यात बेळगावाहून एक बातमी आली. ती टिळकवाडीतल्या परशरामपंत वकिलांची होती. शाळेत असताना श्रीपाल त्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायचा, त्यामुळे त्यांचा शब्द त्याच्या लेखी हायकोर्टाचा. बाटल्यांसाठी बेळगावला गेलेल्या श्रीपालला पंतांनी चहा पिता पिता सांगितलं की सरकारनं औषधांचा कायदा केलाय, यापुढे जनावरांवर तपासल्याशिवाय औषधाची बाटली विकता यायची नाही.

"तुम्ही वाचलात तो?" श्रीपालनं विचारलं.

"वाचायचं काय त्यात? कायदा आहे आणि मी वकील आहे," पंत म्हणाले. "विलायतेत ससे वापरतात."

तेव्हा ससे आले. बेळगावच्या कॅम्पाशेजारी मष्णू नावाचा माणूस साहेबलोकांच्या खाण्यासाठी पांढरे ससे पाळायचा आणि उरलेले बाजाराच्या दिवशी निपाणीला आणायचा. श्रीपालनं त्याच्याकडून सहा घेतले, ओळखायला त्यांच्या कानांवर शाईनं एक ते सहा ठिपके दिले, भरमाकडून पिंजरे करवले आणि मागच्या सोप्यात मांडले. पद्मावतीबाई पाणी गाळत होत्या, त्या फडकं हातात घेऊनच बघायला आल्या.

"ह्ये कशाला?"

"तपासायला. रोज अर्क पाजायचा आणि बघायचं."

"काय बघायचं?"

"जगतात का ते."

"आणि न्हाय जगलं तर?"

"तर अर्क वाईट. मग मात्रा कमी करायची."

"त्ये अर्काचं झालं. पाप कुणाचं?"

"आई, हे विज्ञान आहे. यात पाप नसतं."

"मग पुण्य असतंय का?"

हे श्रीपालला कॉलेजात शिकवलं नव्हतं. पारिसाप्पांनी घरच्या रिवाजाप्रमाणे तोड काढली. "भरमाला लाव की पाजायला. एवढं काय त्यात?" पण श्रीपाल अडून बसला. मात्रा थेंबाथेंबानं मोजायची असते, ती ज्याची त्यानंच द्यायला हवी, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. चार पिढ्यांचं शेजाऱ्याच्या अंगणात चाललेलं काम पहिल्यांदाच घरच्या हातांनी व्हायचं होतं. शिक्षणानं माणूस स्वावलंबी होतो म्हणतात, ते असं.

सशाच्या तोंडात अर्क घालायला काही चोचीचं हवं होतं. श्रीपालनं ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलं. ते त्याचं स्वतःचंच, आणि त्याच्या आधीच्या तिघांचंही. रोज सकाळी पाजून झालं की बाई ते चिंचेनं घासून ठेवत.

पहिला ससा चार-पाच दिवसांत गेला. दुपारची वेळ होती, श्रीपाल बाटल्यांच्या पेट्या बघायला बाजारात गेला होता. बाई पाला घालायला गेल्या तर कानावर शाईचे दोन ठिपके असलेला ससा आडवा पडून पाय झाडत होता. त्यांनी त्याला पदरात घेतलं. त्याचं काळीज हाताला लागत होतं, एकदा लागायचं आणि मग बराच वेळ लागायचं नाही. बाईंनी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता. सशाचे कान मोठे असतात, त्यामुळे मंत्र पोचला याबद्दल त्यांना शंका नव्हती. मंत्र संपला तेव्हा ससाही संपला होता.

ससा मेला हे आता बदलणार नव्हतं. पण तो श्रीपालनं मारला, हे श्रीपालला कळल्याशिवाय खरं होणार नव्हतं. जे कळलंच नाही ते मनाला लागत नाही, आणि मनाला लागत नाही ते आत्म्याला कुठलं चिकटायला? खोटेपणा होता, पण तो लहान होता आणि आपला होता. बाईंनी हे असं मांडलं, आणि नशिबानं म्हणा किंवा कशानं, त्या दिवशी बाजार होता.

"परवाच तर सहा दिलं की पोराला," मष्णू म्हणाला.

"एक पळाला."

"ससाच त्यो आक्का. पळायचाच."

बाईंनी पैशाऐवजी तुपाचा गडवा पुढं केला. पांढरा ससा पदराखाली घेऊन आल्या, श्रीपालच्याच दौतीत काडी बुडवून त्याच्या कानावर दोन ठिपके काढले आणि पिंजऱ्यात ठेवला. मेलेल्याला खड्डा खणला तर गांडुळं तुटतात, म्हणून काढ्याच्या चुलीची राख जिथं पडायची त्या ढिगात त्याला हातानंच खोल सरकवला. संध्याकाळी श्रीपालनं पिंजरे बघितले.

"सगळे ठणठणीत," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की बाईंना वाटलं, आपण केलं ते बरंच केलं.

पावसाळाभर हे चाललं. दर बाजाराला बाई तुपाचा गडवा घेऊन जात. एखादा ससा मधल्या वारी गेला की बाजारापर्यंत त्या त्याला गवताखाली झाकत आणि "कोपऱ्यात बसलाय, उठवू नगंस. थेंब मोजून ठेव, म्या पाजते" म्हणत. शाई पावसातही फिकी पडत नाही याचं श्रीपालला नवल वाटलं. त्यानं त्या स्वदेशी कारखान्याची चारचौघांत स्तुती केली. एकदा मष्णूकडे मोठा ससा नव्हता, बाईंना लहानखुरा आणावा लागला. श्रीपालनं तो उलटसुलट करून पाहिला, पुन्हा तोलला, आणि पुढच्या छपाईत लेबलावर एक ओळ वाढवली: 'मेदवृद्धीवरही गुणकारी'.

मष्णूचं गणित वेगळं चाललं होतं. एका बाजारी तो तराजूवर वाकून हळूच म्हणाला, "आक्का, तुमच्या गल्लीत ससं लई पळाय लागल्यात."

बाईंनी तुपाचा गडवा पुढं सरकवला.

"मी कुणाला सांगत न्हाय. आजकाल लई मोठमोठ्या घरातनं खात्यात. पर एक सांगू? हळद जरा कमी घाला. कवळं मांस असतंय."

ज्या बाईंनी जन्मात सरपणातली मुंगी जळू दिली नव्हती, त्यांनी हे उभ्यानं ऐकून घेतलं, ससा पदराखाली घेतला आणि घरचा रस्ता धरला. श्रीपालच्या पापापेक्षा आपली अब्रू काही जड नव्हती.

अर्कानंच ससे मरतात असं त्यांच्या मनात कधी आलंच नाही, असं नाही. आलं. पण एकदा उन्हाच्या तडाख्यात बाजारातून आणताना एक ससा वाटेतच, टोपलीतच मेला. अर्काचा थेंबही त्याच्या तोंडी गेला नव्हता. बाईंना हायसं वाटलं. म्हणजे ससे असेही मरतात. कोंडलं की मरतात, ऊन लागलं की मरतात. पारिसाप्पा तर हाच काढा वर्षानुवर्षं पीत होते. त्या मेलेल्या सशाच्या आधारावर बाईंनी पुढचे कितीतरी दिवस काढले.

मग पर्युषण आलं. पर्वाच्या दहा दिवसांत पिंजऱ्याला हात लावायचा नाही, असं पारिसाप्पांनी बजावलं आणि श्रीपालनंही ते मानलं. ससे नुसता पाला खात बसले. त्या दहा दिवसांत एकही दगावला नाही.

हे बाईंच्या लक्षात आलं. श्रीपालच्या लक्षात येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्याच्या लेखी आधीही कुणी दगावलं नव्हतं.

पाचव्या दिवशी देवळात उत्तम सत्य धर्मावर प्रवचन होतं. बाई खांबाला टेकून बसल्या होत्या. पंडितांनी सांगितलं की असत्य हे काट्यासारखं असतं, बोचतं बोलणाऱ्याला. बायकांनी माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो, त्या दिवशी लहानथोर एकमेकांसमोर हात जोडून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. त्या दिवशी सांगून टाकायचं.

क्षमावाणीला सकाळी श्रीपाल आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला. आईच्या पायाला हात लावले. बाईंनी हात जोडले.

"श्रीपाल, सशांच्या बाबतीत माझं लई मोटं चुकलंय रं. म्या तुला..."

"आई," श्रीपालनं त्यांचे जोडलेले हात धरले, "आज चूक सांगायची नसते. सांगितली की ती मनात धरल्यासारखी होते. तूच शिकवलंस ना?"

शिकवलं होतं खरं. श्रीपाल सहा-सात वर्षांचा असताना क्षमावाणीला फोडलेल्या बरण्यांची जंत्रीच सांगायला लागला होता, तेव्हा बाईंनीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. क्षमा मागणारानं मागावी, देणारानं द्यावी. कशाची, हे विचारलं की ती क्षमा राहत नाही, पंचायत होते.

"मी क्षमा केली," श्रीपाल म्हणाला. "माझंही काही चुकलं असेल तर तूही क्षमा कर." आणि तो पुढच्या घरी गेला. गल्लीत अजून बरीच घरं व्हायची होती.

बाई हात जोडून तशाच उभ्या राहिल्या. क्षमा मिळाली होती. देणाऱ्याला ती कशाची हे ठाऊक नव्हतं, पण तसं असायला हवं असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. आपण सांगितलं, असं त्यांना वाटलं. निदान सांगायला गेलो, असं तरी वाटलं.

श्रीपालनं तपासणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. पद्मावती अर्क निर्धोक होता. पुढच्या अमावास्येला बैलगाडी करून सगळे स्तवनिधीच्या तीर्थाला गेले, तिथल्या क्षेत्रपाल ब्रह्मदेवाला नारळ फोडला आणि सहा ससे डोंगरात सोडून दिले. पारिसाप्पांचे डोळे भरून आले. "अभयदान," ते म्हणाले. त्या डोंगरात कोल्हे आहेत हा विषय कुणी काढला नाही.

दिवाळीनंतर पारिसाप्पांचे पाय सुजले. सूज आधीही यायची, पण या खेपेला बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, आणि आडवं झालं की दम कोंडायचा. एका संध्याकाळी ते सोप्यात उशांना टेकून बसले होते. दिवस कलला होता, उंबऱ्यावरचं ऊन अंगणात उतरून भिंतीच्या टोकाला गेलं होतं. या घरात दिवस बुडाल्यावर पाण्याचा घोटही घेत नसत. औषधालाही सवलत नव्हती.

"काढा टाकते," बाई उठत म्हणाल्या.

"काढा उकळंपतोर दिवस बुडंल. मग रातभर हाय तसाच." पारिसाप्पा श्रीपालकडे वळले. "आण रं ते तुझं. बापानं न्हाय घेतलं तर लोकं कशाला घेतील?"

श्रीपालनं बाटली आणली. बूच काढलं. चमचा भरला.

"काढाच बरा," बाई म्हणाल्या. "सवयीचा हाय त्यो. सशांची गोष्ट येगळी."

"येगळी कशी?" पारिसाप्पांनी दम घेत घेत हसायचा प्रयत्न केला. "ससा माझ्यापरास नाजूक. त्याला सोसलं आणि मला सोसंना व्हय?"

"आई, तू रोज बघत होतीस," श्रीपाल म्हणाला. "तूच सांग आप्पांना. एक तरी ससा दगावला का?"

दोघं त्यांच्याकडे बघत होते. नवऱ्याची सुजलेली पावलं घोंगडीबाहेर आली होती. मुलाच्या हातातला चमचा काठोकाठ भरलेला होता आणि सांडू नये म्हणून त्यानं हात अगदी स्थिर धरला होता. भिंतीच्या टोकाला बोटभर ऊन होतं. तेवढ्या उन्हात सांगून संपण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"न्हाय," बाई म्हणाल्या. "एकबी न्हाय."

पारिसाप्पांनी चमचा घेतला, तोंड वाकडं केलं. बाईंनी आतून गुळाचा खडा आणून त्यांच्या तोंडात घातला. मग ऊन गेलं.

सकाळी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बाई बसल्या होत्या. नाडी एकदा लागायची आणि मग बराच वेळ लागायची नाही. हे त्यांच्या हाताच्या ओळखीचं होतं. त्यांनी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन णमोकार म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलेलं होतं, वयही होतं. गल्लीनं ते मान्य केलं. भरमानं तिरडी बांधली आणि तो सगळ्यांच्या आधी रडला. श्रीपाल रडला नाही. तो माणसं उठून गेल्यावर पिंजऱ्यांजवळ बसून राहायचा.

सुतक फिटल्यावर एका सकाळी बाई मागच्या सोप्यात आल्या तर तो पेटीत पेंढा भरून बाटल्या लावत होता. शहापुरातल्या एका दुकानदाराची मागणी आली होती. तिथं मागाच्या खड्ड्यात बसून विणणाऱ्यांना दम्याचा त्रास फार.

"आप्पांना अर्क आणखी आधी सुरू करायला हवा होता," श्रीपाल मान वर न करता म्हणाला. "उशीर झाला आई. नाहीतर वाचले असते."

बाई पेटीजवळ खाली बसल्या. त्यांनी आतल्या बाटलीवर हात ठेवला. लेबलावरची देवी त्यांच्या बोटांआड गेली.

"ही पेटी धाडू नगंस."

"का?"

"एकबी ससा जगला न्हाय."

"डोंगरात सोडलेले? कोल्ह्यानं..."

"त्येच्या आदीचं. तू पाजलेलं."

श्रीपालला कळायला वेळ लागला. कळलं नाहीच म्हणून बाई उठल्या आणि त्याला राखेच्या ढिगाकडे घेऊन गेल्या. त्यांनी हातानं राख सारली. आत बारीक बारीक हाडं होती, पांढरी, चुलीच्या कोळशात मिसळलेली. त्या सारत गेल्या तशी आणखी निघाली.

"किती?" त्यानं विचारलं.

"मोजलं न्हाय."

तो तिथंच राखेत बसला. भरमाच्या अंगणातून रंध्याचा आवाज येत होता. मांजर कुंपणावर येऊन बसलं आणि दुधाची वेळ झाली का ते बघू लागलं.

"मला आधी सांगायचंस गं," श्रीपाल म्हणाला.

"सांगितलं की. क्षमावाणीला."

त्याला आठवलं. आठवलेलं त्याच्या तोंडावर दिसलं, आणि बाईंनी तिकडून नजर काढली.

"मग आप्पांना मीच..."

"न्हाय रं. तू इच्यारलंस. 'न्हाय' मी म्हणाले." त्यांनी त्याचे राखेनं भरलेले हात आपल्या पदरात घेतले आणि पुसायला लागल्या, एकेक बोट. "तुझ्या हाताला काय लागलेलं न्हाय. माझंच हाय ते समदं."

त्यानं हात काढून घेतले नाहीत. पण पुसून झाल्यावरही ते तसेच पुढं धरून बसला, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

अर्काचं काय करायचं हा प्रश्न राहिला. जमिनीवर ओतला तर मुंग्या मरणार, ओढ्यात ओतला तर मासे, आणि विहिरीचं नाव काढायची सोय नव्हती. असं काम या घरात आजवर भरमाकडे जायचं. भरमानं स्वतः येऊन विचारलंही, "आक्का, मी ओतू का कुटंतरी लांब?" बाई नको म्हणाल्या. बाटल्या पेट्यांत भरून माळ्यावर गेल्या आणि राहिल्या. काढ्याची चूल पुन्हा पेटली नाही. सकाळी तांब्या घेऊन येणारी माणसं काही दिवस दारात बसली, खोकली, आणि मग यायची थांबली. मष्णू बाजारात बाईंना बघून एकदा ओशाळं हसला आणि म्हणाला, "सोडलं व्हय आक्का? बरं झालं."

परशरामपंत वकील समाचाराला आले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. मोटारीचं काही खरं नव्हतं, म्हणून उशीर झाला, असं ते म्हणाले. चांगला माणूस गेला, असंही म्हणाले. बाईंनी चहा दिला. श्रीपाल समोर बसला होता. त्याच्याशी काय बोलावं हे सुचेना, म्हणून पंतांनी धंद्याची चौकशी केली.

"बंद केला," श्रीपाल म्हणाला. "तपासणी नीट झाली नाही."

"कसली तपासणी?"

"सशांवरची. कायद्याची."

"हां, ते." पंतांनी बशीत चहा ओतला. "तेही सांगायचं होतंच. परवा एका कामासाठी तो कायदा काढून वाचावा लागला. देशी वैद्यकाची औषधं त्यातून वगळलेली आहेत. तुला तो लागूच नव्हता."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ससंबी न्हाय?"

"नाही," पंत म्हणाले. "तसं व्याख्येच्या कलमातच आहे." आणि त्यांनी चहा प्यायला, कारण परतीची मोटार सुटायची वेळ झाली होती.